दात पांढरे करण्याआधी ते पिवळे का झाले हे बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. वय ३४. दिवसातून दोनदा ब्रश करता, तरी दात पिवळट दिसतात. गेले काही महिने कोळशाची पूड वापरताय आणि आता गार पाणी लागलं की दात आंबतात. लहानपणी पडून मार लागल्यानंतर समोरचा एक दात हळूहळू करडा होत गेला. त्याच्या शेजारच्या दातावर कॅप आहे. एका पार्लरची 'लेझरने एका बैठकीत कायमचे पांढरे दात' अशी जाहिरात पाहिलीत, आणि घरातले मात्र म्हणतात की व्हाइटनिंग केलं की एनॅमल जातं आणि दात लवकर पडतात. यातलं खरं काय आणि तुम्ही काय करावं?

आधी सरळ उत्तर देतो. पूड आजपासून बंद करा. पार्लरमध्ये जाऊ नका. नीट केलेल्या व्हाइटनिंगने एनॅमल जात नाही, त्यामुळे घरच्यांची भीती खरी नाही. पण तुम्ही लगेच व्हाइटनिंगही करायचं नाही, कारण तुमच्या वर्णनात रंग बिघडण्याची निदान तीन वेगवेगळी कारणं दिसतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. आता सविस्तर.

दात पिवळा दिसला की माणसाला वाटतं, वर काहीतरी चढलंय, ते खरवडून काढलं की खालून पांढरा दात निघेल. दंतवैद्याकडे येणाऱ्या बहुतेकांच्या मनात हेच असतं, आणि या विषयातले जवळजवळ सगळे गैरसमज तिथूनच सुरू होतात. प्रत्यक्षात दाताचं बाहेरचं आवरण, म्हणजे एनॅमल, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं आणि ते अर्धपारदर्शक असतं. त्याच्या आतलं डेंटीन मुळातच पिवळसर असतं. आपल्याला दिसतो तो रंग मुख्यतः या डेंटीनचा, एनॅमलमधून बाहेर आलेला. दुधी काचेमागची रंगीत भिंत दिसावी तसा. काच पातळ झाली की भिंत जास्त दिसणार. त्यामुळे घासून घासून एनॅमल झिजवलंत तर दात आणखी पिवळाच होणार.

हे स्वतःच्या तोंडात पाहता येतं. उजेडात आरशासमोर उभे राहा आणि वरचा सुळा बघा. हिरडीजवळ तो टोकापेक्षा पिवळा दिसेल, कारण तिथे एनॅमल सर्वांत पातळ असतं. आता पटाशीच्या दाताची खालची कड बघा. ती किंचित निळसर-करडी, जवळजवळ आरपार दिसते, कारण त्या कडेमागे डेंटीन जवळपास नसतंच. सुळे शेजारच्या दातांपेक्षा पिवळे असणं हेही सगळ्यांचंच असतं. कितीतरी लोक फक्त सुळ्यांकडे बोट दाखवून 'हे दोन खराब झालेत' म्हणतात, आणि ते दोन्ही दात ठणठणीत असतात.

वय वाढतं तसं एनॅमल हळूहळू झिजतं आणि आत डेंटीनचा नवा थर साठत जातो. दोन्हीचा परिणाम एकच, दात जास्त पिवळे. यात अस्वच्छतेचा काही संबंध नाही. दात नुसते पिवळसर आहेत म्हणून ते आजारी ठरत नाहीत, आणि पांढरेशुभ्र आहेत म्हणून निरोगी ठरत नाहीत. पांढऱ्याधोप दातांच्या फटीत कीड लपलेली आम्ही रोज बघतो. तुम्ही दोनदा ब्रश करूनही दात पिवळे आहेत याबद्दल स्वतःला दोष देणं थांबवा.

आता व्हाइटनिंग नेमकं काय करतं ते. यात काम करणारं रसायन एकच, हायड्रोजन पेरॉक्साइड. कधी ते थेट असतं, कधी कार्बमाइड पेरॉक्साइडच्या रूपात, जे तोंडात फुटून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि युरिया देतं. १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइडमधून साधारण ३.५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं. बाटलीवरचे आकडे वाचताना हे लक्षात ठेवा, नाहीतर ३५ टक्के कार्बमाइड आणि ३५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड एकच समजलं जातं आणि दोन्हींत जवळपास तिपटीचा फरक असतो. पेरॉक्साइडचा रेणू लहान असतो. तो एनॅमलमधून आत शिरतो, डेंटीनपर्यंत पोचतो आणि तिथे अडकलेल्या रंगद्रव्यांचे मोठे रेणू तोडतो. तुटलेले रेणू प्रकाश कमी शोषतात, म्हणून दात उजळ दिसतो. यात कुठलाही थर काढला जात नाही, काही खरवडलं जात नाही.

ही पद्धत सापडली तीही हिरड्यांवर उपचार करताना. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात बिल क्लुस्मायर हे दात सरळ करणारे डॉक्टर हिरड्या बऱ्या व्हाव्यात म्हणून रुग्णांना कार्बमाइड पेरॉक्साइडचं जंतुनाशक ट्रेमध्ये, म्हणजे दातांवर बसणाऱ्या साच्यात, घालून रात्री लावायला सांगत होते. हिरड्या सुधारल्याच, शिवाय दातही उजळले. पुढे १९८९ मध्ये व्हॅन हेवूड आणि हॅराल्ड हेमन यांनी ही रात्री ट्रे लावून झोपण्याची पद्धत शोधनिबंधातून मांडली. तेव्हापासून १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड आणि मापाचा ट्रे हीच सर्वांत जास्त तपासली गेलेली पद्धत आहे. मीही बहुतेकांना तीच देतो.

मग एनॅमल जातं ही समजूत आली कुठून? प्रयोगशाळेत काढलेल्या दातांवर तीव्र पेरॉक्साइड लावून पाहिलं तर पृष्ठभागाच्या कठीणपणात थोडा फरक काही वेळा दिसतो. तोंडात मात्र लाळ असते, आणि लाळेतलं कॅल्शियम व फॉस्फेट ती किरकोळ झीज भरून काढतात. योग्य प्रमाणात, योग्य मुदतीत केलेल्या ब्लीचिंगनंतर, म्हणजे व्हाइटनिंगनंतर, दात ठिसूळ होतात किंवा पडतात असं दिसत नाही. दात पडतात ते हिरड्यांच्या आणि हाडाच्या आजाराने, किडीने, माराने.

पण या भीतीत एक खरा भागही आहे, आणि तो पेरॉक्साइडपेक्षा आम्लाशी जोडलेला आहे. एनॅमल सुमारे ५.५ पीएचच्या खाली विरघळायला लागतं (पीएच हे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र). व्हाइटनिंगच्या नावाखाली विकली जाणारी काही उत्पादनं चांगलीच आम्लधर्मी असतात. काही ठिकाणी पेरॉक्साइडवरची बंधनं चुकवण्यासाठी क्लोरीन डायऑक्साइड वापरलं गेलं. त्याने दात सुरुवातीला उजळ दिसतात, पण एनॅमलची चकाकी जाते, पृष्ठभाग खरखरीत होतो आणि नंतर त्यावर डाग आणखी लवकर धरतात. अशा दातावर प्रोब (तपासणीची बारीक टोकदार सळई) फिरवला तर गुळगुळीत न सरकता तो अडखळतो. हे नुकसान भरून येत नाही. म्हणून जेल कुठलं, त्यात काय आहे आणि ते कोण लावतंय, हे विचारायला अजिबात संकोचू नका.

लिंबाचंही तेच. लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. तो दाताला चोळला की वरचा डाग निघाल्यासारखा वाटतो, कारण डागासकट एनॅमलचाच पातळ थर विरघळतो. त्यात भर म्हणजे मऊ झालेल्या त्या पृष्ठभागावर लगेच ब्रश फिरवला जातो. आंबट फळं बारीक करून दातांना लावण्याचा उपाय याच जातीचा. नैसर्गिक आहे म्हणून निर्धोक आहे, हे दातांच्या बाबतीत मानू नका.

खाण्याच्या सोड्याबद्दल मात्र लोकांचं मत उगाच वाईट आहे. तो ऐकायला खरखरीत वाटतो, पण त्याचे कण मऊ असतात आणि पाण्यात विरघळतात. टूथपेस्ट दात किती घासते हे मोजण्याचं आरडीए नावाचं माप आहे आणि टूथपेस्टसाठी त्याची वरची मर्यादा २५० मानली जाते. शुद्ध सोड्याचं हे माप १० पेक्षाही कमी आहे. तो वरवरचे डाग थोडे काढतो, आतला रंग बदलत नाही. लिंबू आणि सोडा एकत्र केलात की फेस येतो, दोघं एकमेकांना निकामी करतात, आणि लिंबू जास्त पडलं तर आम्ल शिल्लक राहतं.

कोळशाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तुमचा त्रास बहुधा तिथूनच आला आहे. काळी पूड थुंकल्यावर दात पांढरे भासतात, त्यात मोठा वाटा केवळ काळ्या-पांढऱ्याच्या विरोधाचा असतो. कोळसा 'विष ओढून घेतो' हा दावा विषबाधेत पोटात दिल्या जाणाऱ्या कोळशावरून उचललेला आहे. दाताच्या आतलं रंगद्रव्य तो ओढू शकत नाही. २०१७ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात कोळशाच्या दंतमंजनांवरच्या अभ्यासांचा आढावा आला होता. त्याचा निष्कर्ष असा, की ही उत्पादनं परिणामकारक किंवा सुरक्षित आहेत असं म्हणण्याइतका पुरावा नाही. शिवाय अशा पुडींमध्ये फ्लोराइड बहुतेक वेळा नसतंच, म्हणजे किडीपासून मिळणारं रोजचं संरक्षणही गेलं.

कोळशाची पूड वापरणाऱ्यांच्या तोंडात मला नेहमी दिसतं ते असं. हिरडीच्या कडेला, विशेषतः सुळ्यांच्या आणि त्यामागच्या दाढांच्या मानेवर, आडवी खाच पडलेली असते. बोटाचं नख हलकेच वरून खाली फिरवलं तर ते त्या खाचेत अडकतं. खाच पिवळी दिसते, कारण तिथे डेंटीन उघडं पडलेलं असतं. पुष्कळदा उजव्या हाताने ब्रश करणाऱ्यांत डाव्या बाजूला ती जास्त खोल असते, कारण तिकडे जोर जास्त लागतो. जुन्या फिलिंगच्या कडांत आणि हिरडीच्या फटीत कोळशाचे कण काळी रेघ धरून बसलेले असतात, आणि ती रेघ कीड समजून माणूस घाबरून येतो. तुमचे दात आंबतात ते याच उघड्या डेंटीनमुळे असण्याची शक्यता मोठी आहे. अशा दातांवर थेट ब्लीचिंग जेल लावलं तर ठणका असह्य होऊ शकतो. आधी त्या खाचांचा बंदोबस्त, मग रंगाचं बघू.

व्हाइटनिंग टूथपेस्टकडून किती अपेक्षा ठेवायची? त्या वरचे डाग काढतात, आणि बहुतेकींचं काम तिथेच संपतं. काहींमध्ये निळसर रंगद्रव्य असतं, ते दातावर पातळ बसून पिवळेपणा मारतं आणि काही तास दात उजळ भासतात. ही फसवणूक म्हणणार नाही, पण तो तात्पुरता दृष्टिपरिणाम आहे. दोन मिनिटं तोंडात राहून थुंकली जाणारी पेस्ट डेंटीनपर्यंत पोचून काही बदलेल, हे होणं कठीण. दाताला चिकटवायच्या पट्ट्यांमध्ये मात्र खरंच पेरॉक्साइड असतं, त्यामुळे त्या काम करतात. पण दात वाकडेतिकडे असतील तर पट्टी सगळीकडे सारखी बसत नाही आणि रंगही सारखा उतरत नाही.

आता तुमचं लेझर. ज्याला जाहिरातीत लेझर म्हणतात तो बहुतेक ठिकाणी निळा एलईडी दिवा असतो. दाताचा रंग बदलतो तो जेलमुळे. दिव्याने त्यात टिकाऊ भर पडते का, यावर बरेच अभ्यास झाले, आणि काही दिवसांनी मोजल्यावर दिवा लावलेल्या आणि न लावलेल्या दातांत म्हणण्यासारखा फरक बहुतेक अभ्यासांत आढळला नाही. मग खुर्चीतून उठल्यावर एवढा बदल का दिसतो? तासभर तोंड उघडं, ओठ मागे ओढलेले, लाळ लागत नाही, वर दिव्याची ऊब. दात कोरडे पडतात, आणि कोरडा दात कुठल्याही जेलशिवायही खडूसारखा पांढरा दिसतो. एक-दोन दिवसांत त्यात पुन्हा ओलावा येतो आणि रंग थोडा मागे जातो. उपचारानंतर लगेच काढलेला फोटो म्हणूनच खरा मानू नये. दाताचा रंग मोजायचा तो ओल्या दातावर, आणि शेवटचा निकाल बघायचा तो साधारण दोन आठवड्यांनी.

क्लिनिकमध्ये वापरलं जाणारं जेल २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचं असू शकतं. एवढं तीव्र जेल हिरडीला लागलं तर ती काही मिनिटांत पांढरी पडते आणि जळजळते. म्हणून आधी हिरडीवर रेझिनचा (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थाचा) बांध घालून तो घट्ट करावा लागतो आणि ओठ, गाल, डोळे झाकावे लागतात. हे काम तोंडाची रचना आणि आजार ओळखणाऱ्याचं आहे. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशात हे स्पष्ट आहे. ०.१ टक्क्यापर्यंतचं हायड्रोजन पेरॉक्साइड दुकानात मोकळं विकता येतं. त्याच्या वर ६ टक्क्यांपर्यंतचं फक्त दंतवैद्यांना विकायचं, पहिला वापर त्यांच्या देखरेखीखाली करायचा, आणि १८ वर्षांखालच्यांसाठी वापरायचं नाही. पार्लरमध्ये तुमच्या दाताचा एक्सरे कोणी काढणार नाही, किडीचं भोक कोणी शोधणार नाही. माझा आक्षेप दिव्यापेक्षा या न केलेल्या तपासणीला जास्त आहे.

एकाच बैठकीत जास्त तीव्र जेल म्हणजे जास्त पांढरे दात, हेही खरं नाही. कमी तीव्रतेचं जेल जास्त दिवस वापरलं तरी दात शेवटी जवळपास त्याच रंगाला पोचतात. प्रत्येक दाताची उजळण्याची एक मर्यादा असते, त्यापुढे जेल कितीही ओतलं तरी फक्त हिरड्या आणि नस त्रासतात. घाई नसेल तर दोन ते सहा आठवड्यांची घरची ट्रे पद्धत मला केव्हाही बरी वाटते. वेग हाच जिथे मुद्दा असेल तिथे क्लिनिकमधली बैठक चालते, फक्त ती दंतवैद्याकडे.

स्केलिंग म्हणजे व्हाइटनिंग, ही आणखी एक मोठी गल्लत. स्केलिंगमध्ये हिरडीलगतचं किटण आणि वरचे डाग निघतात. चहा, कॉफी, तंबाखू यांचे तपकिरी डाग, काही महिने क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश वापरून आलेले डाग, हे सगळं सफाई आणि पॉलिशनेच जातं आणि अनेकांचं समाधान तिथेच होतं. पुढचा खर्च लागतच नाही. उलट, आतला पिवळेपणा स्केलिंगने हलत नाही, म्हणून 'सफाई केली पण फरक पडला नाही' असं लोक म्हणतात. आणि स्केलिंगने दात ढिले होतात ही समजूत तर फार नुकसान करते. किटणाने हाड आधीच झिजवलेलं असतं. किटण दातांना वरून जखडून ठेवतं, ते काढलं की आधीपासूनचा ढिलेपणा कळतो, एवढंच. किटण राहू दिलं तर हाड आणखी जातं.

आंबण्याबद्दल लोक दोन टोकांना असतात. एकाला वाटतं नस मेली, दुसरा म्हणतो दुखतंय म्हणजे काम चाललंय. दोघांचंही चूक. पेरॉक्साइड काही मिनिटांतच नसेपर्यंत पोचतं आणि तिला तात्पुरतं चिडवतं, त्यामुळे मधूनच सुई टोचावी तशी कळ जाते. निरोगी दातात ती काही दिवसांत थांबते. पाच टक्के पोटॅशियम नायट्रेट असलेली टूथपेस्ट आधी दोन आठवडे वापरली, किंवा कळ आली तर एखाद-दोन रात्री जेलऐवजी तीच पेस्ट ट्रेमध्ये घालून थोडा वेळ लावली, तर बराच आराम पडतो. एक दिवसाआड जेल लावलं तरी चालतं, निकाल फक्त थोडा उशिरा येतो. मात्र एकाच दातात ठणका राहिला, गरम लागल्यावर वाढला, रात्री झोपेतून उठवू लागला, तर तो व्हाइटनिंगचा साधा परिणाम नाही. जेल बंद करून दात दाखवायचा.

जेल जास्त भरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ट्रेमध्ये प्रत्येक दाताच्या समोरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा थेंब पुरतो. बसवल्यावर हिरडीवर आलेलं जेल बोटाने किंवा कोरड्या ब्रशने पुसून टाकायचं. हिरडीवर राहिलेलं जेल दात पांढरा करत नाही, हिरडी भाजतं.

आता तुमच्या करड्या दाताकडे येतो, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. मार लागल्यावर दाताच्या आत रक्तस्राव होतो, रक्तातले घटक डेंटीनच्या बारीक नळ्यांमध्ये शिरतात आणि फुटून दात करडा-तपकिरी करतात. पुष्कळदा नस त्यानंतर कधीतरी मरते, दुखत काहीच नाही, आणि मुळाच्या टोकाशी वर्षानुवर्षं संसर्ग शांतपणे हाड खात बसतो. अशा दाताला बाहेरून ब्लीच लावून उजळवणं म्हणजे खूण पुसून टाकणं. आधी एक्सरे काढायचा, गार लावून आणि टिचकी मारून नस जिवंत आहे का बघायचं. नस मेलेली असेल तर रूट कॅनाल आधी. मग त्या दाताला आतून उजळवता येतं. मागच्या बाजूच्या छिद्रातून सोडियम परबोरेटचा लगदा आत ठेवतात, वर तात्पुरतं फिलिंग करतात आणि काही दिवसांनी बदलतात. पाण्यात कालवलेलं परबोरेट असं वापरण्याची रीत १९६१ पासून ज्ञात आहे. जुन्या काळी यासाठी ३० टक्के पेरॉक्साइड आणि उष्णता वापरत. त्यातून काही दातांच्या मानेशी मूळ झिजत जातं असं १९७९ पासून नोंदवलं गेलं, म्हणून आता तसं करत नाहीत आणि औषध भरण्याआधी रूट कॅनालच्या तोंडाशी सिमेंटचा थर घालून घेतात. तो घातला का, हे तुम्ही डॉक्टरांना जरूर विचारा.

मार लागलेला दात करडा न होता शेजाऱ्यांपेक्षा जास्त पिवळा झाला असेल तर गोष्ट वेगळी असू शकते. कधी नस जिवंत राहते, पण आतली पोकळी डेंटीनने भरत जाते, आणि डेंटीन वाढल्यामुळे दात पिवळा दिसतो. तिथे रूट कॅनालची घाई नको.

लहानपणी टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक घेतलेल्यांच्या दातांवर करडे-तपकिरी आडवे पट्टे असतात. दात तयार होत असताना ते औषध डेंटीनमध्येच बसतं. आठ वर्षांखालच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना ते टाळतात ते याचसाठी. हे पट्टे दोन आठवड्यांत जात नाहीत, पण कमी तीव्रतेचं जेल काही महिने चिकाटीने लावलं तर बऱ्यापैकी फिकट होतात. हिरडीजवळचा भाग शेवटपर्यंत हट्टी राहतो. फ्लोरोसिसच्या, म्हणजे दात घडताना फ्लोराइड जास्त झाल्याने आलेल्या, पांढऱ्या ठिपक्यांच्या बाबतीत लोक फार निराश होतात, कारण ब्लीचिंग सुरू झाल्यावर ठिपके आधी आणखी उठून दिसतात. पुढे आजूबाजूचा दात उजळला की विरोध कमी होतो. ते पुरेसं नसेल तर मायक्रोअॅब्रेजन (ठिपक्याचा वरचा अगदी पातळ थर घासून काढणं) किंवा रेझिन इन्फिल्ट्रेशन (ठिपक्यात रेझिन जिरवणं) करता येतं.

तुमच्या कॅपबद्दल. कॅप, व्हिनिअर (दाताला समोरून चिकटवलेलं पातळ आवरण), फिलिंग यांपैकी काहीही पेरॉक्साइडने उजळत नाही. तुम्ही बाकीचे दात चार छटा उजळवले तर कॅप एकटी पिवळी उरेल. म्हणून क्रम असा ठेवायचा: आधी व्हाइटनिंग, मग रंग स्थिर होऊ द्यायचा, मग त्याला जुळणारी नवी कॅप. समोरची फिलिंगं बदलायची असतील तर ब्लीचिंगनंतर निदान दोन आठवडे थांबायचं. दातात उरलेला ऑक्सिजन फिलिंगच्या रेझिनला नीट घट्ट होऊ देत नाही, आणि घाईने केलेलं फिलिंग निघून येतं. नव्या कॅपचा खर्च धरूनच निर्णय घ्या, व्हाइटनिंगनंतर तो कळणं वाईट.

कायमचे पांढरे दात कुठलीही पद्धत देत नाही. साधारण एक ते तीन वर्षांत रंग हळूहळू मागे येतो. तंबाखू चालू असेल तर फार लवकर. उपचाराच्या काळात फक्त पांढरे पदार्थ खायचे, असं कडक पथ्य सांगायची पद्धत आहे. त्यामागे भक्कम पुरावा नाही. मी एवढंच सांगतो, की चहा-कॉफी झाल्यावर पाण्याने चूळ भरा आणि ट्रे काढल्यावर पहिला तासभर गडद रंगाचं काही घेऊ नका. धूम्रपान मात्र पूर्ण थांबवायला सांगतो.

गरोदरपणी आणि अंगावर दूध पाजत असताना व्हाइटनिंग पुढे ढकलायचं. अपाय सिद्ध झाला म्हणून नाही. निकडीचा उपचार नाही, मग प्रयोग कशाला. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना पालक घेऊन येतात, त्यांना मी थांबायला सांगतो, कारण त्या वयात दातातली नस मोठी असते. किडलेले, चिरलेले, हिरडी उतरून मूळ उघडं पडलेले दात असतील तर आधी ते नीट करायचे. मुळाच्या भागावर एनॅमल नसतं, तो ब्लीचिंगने उजळतही नाही.

किती पांढरे करावेत, याला नियम नाही. मी शेड गाईड हातात घेतो, त्यातल्या चिनी मातीच्या दातांसारख्या पट्ट्या एकेक करून ओल्या दाताशेजारी धरतो, आणि रुग्णाला डोळ्यांच्या पांढऱ्या भागाशी तुलना करायला सांगतो. दात त्यापेक्षा फार पांढरे झाले की चेहऱ्यात वेगळे दिसतात. पिवळसर छटा सहज उजळतात, करड्या छटा कमी उजळतात. तुमची छटा कोणती आहे यावर किती फरक पडेल हे बऱ्याच अंशी आधीच सांगता येतं, आणि उपचाराआधी त्या पट्टीसकट एक फोटो काढून घेतलेला बरा.

तेव्हा तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली साधी पेस्ट सुरू करा, ब्रश पेनासारखा धरा म्हणजे जोर आपोआप कमी होतो. दंतवैद्याकडे जाऊन करड्या दाताचा एक्सरे आणि पूर्ण तपासणी करून घ्या. सफाई आणि पॉलिश करून घ्या, मानेवरच्या खाचा असतील तर दाखवा. तिथेच पहिल्यांदा आरशात बघा. तेवढ्यावर समाधान झालं तर थांबा. नाही झालं तर आंबणं थांबल्यावर १० टक्के कार्बमाइड पेरॉक्साइड, मापाचा ट्रे, रात्री. करडा दात आतून, स्वतंत्र. कॅप सगळ्यात शेवटी.

आणि ट्रे फेकू नका. वर्ष-दीड वर्षाने रंग थोडा मंदावला की दोन-चार रात्री जेल लावलं तरी पुरतं, पुन्हा सगळा खर्च करावा लागत नाही. ट्रे गार पाण्याने धुवा, कारण गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो आणि मग जेल हिरडीवर गळतं. जेलची सिरिंज थंड जागी ठेवा आणि मुदत उलटलेली वापरू नका. कॅप किंवा फिलिंग नवं बसवलं तर जुना ट्रे त्यावर नीट बसतो का हे डॉक्टरांना दाखवूनच तो पुन्हा लावा.